डावीकडची सीट

प्रिय ठकू,

तुझा निरोप मिळाला. रविवारी तुम्ही दोघं येणार, जेवणार आणि जाताना माझी गाडी घेऊन जाणार. जावईबापू माझी गाडी चालवणार, तू मागून तुमची आणणार. सगळं ठरलेलं आहे. गाडी धुऊन ठेव असं तेवढं सांगितलं नाहीस, ही तुझी कृपा. "आई, तू एकटी. तुला आता गाडी कशाला लागते?" हे तू फोनवर इतक्या मायेनं म्हणालीस की क्षणभर मलाही वाटलं, खरंच, कशाला लागते? मग फोन ठेवला आणि नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या अजून झोंबतायत.

गाडी मिळणार नाही. आमच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, आधी उत्तर लिहा, मग कारणं. म्हणून आधी उत्तर लिहिलं. कारणं फोनवर सांगितली असती, पण तू दर चौथ्या शब्दाला "अगं पण आई" म्हणतेस आणि माझं वाक्य तिथेच लंगडं होतं. कागदावर तुला मधे बोलता येत नाही. शेजारणीनं तुला कळवलंच आहे की मी गाडीत नवे स्पीकर बसवून घेतले. "या वयात?" असं तू विचारलंस. कान याच वयात वापरून घ्यायचे असतात बाई, आणखी थांबले तर तेच रजा घेतील. पण स्पीकरपासूनच सुरुवात करते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

तुझ्या बाबांना गाडीतल्या गाण्याचं किती वेड होतं ते तुला ठाऊक आहे. ते नेमकं काय करत बसायचे ते मात्र तू कधी विचारलं नसशील. ऐक. उजव्या दारातला स्पीकर गाडी चालवणाऱ्याच्या पायाशी असतो, डाव्या दारातला पार पलीकडे. म्हणून जवळचा आवाज आधी पोचतो आणि लांबचा मागाहून, आणि गाणारी बाई समोर उभी न राहता दाराच्या कप्प्यात शिरून गात असल्यासारखी वाटते. त्यावर उपाय म्हणजे जवळच्या स्पीकरला थोडं थोपवून धरायचं. किती, तर लांबचा येऊन त्याला गाठेपर्यंत. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो, पण कानाला तो फरक कळतो. स्पीकरपासून कानापर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं, आकडे गाडीतल्या गाण्याच्या सेटला द्यायचे, की सगळे आवाज एकदम पोचतात आणि बाई उठून काचेसमोर मधोमध येऊन उभी राहते. बाबांना हे जमलं त्या दिवशी ते गाडीतून खाली उतरेनात. जेवण गार झालं तरी उतरेनात.

यात एक गोम आहे. हे गणित एका वेळी एकाच डोक्यासाठी जमतं. उजवीकडच्यासाठी बसवलं की डावीकडच्याचं होतं त्याहून बिघडतं, कारण त्याच्या जवळचा स्पीकर थांबत नाही आणि लांबचा आता मुद्दाम उशीर करून येतो. डावीकडे कोण बसायचं, ते तुला सांगायला नको. मला माझ्या दारातून व्हायोलिन ऐकू यायचं आणि पलीकडून धापा टाकत येणारी बाई. बाबा स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणायचे, "काय आवाज आहे बघ," आणि मी म्हणायचे, "छान." मी, जिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी कानाला हेडफोन लावून केली. परदेशातल्या कॉलला आवाज उशिरा पोचायचा. दोन्हीकडचे एकदम "हॅलो" म्हणायचे आणि मग एकदम गप्प बसायचे, आणि मी मधे पडून सांगायचे, तुम्ही बोला, तुम्ही थांबा. हाताखालच्या मुलींना मी हे शिकवलं. गाडीत बसलं की मात्र "छान."

माणूस चांगला होता, त्यात वाद नाही. तापात माझे पाय चेपलेत त्यांनी. पण "तुला तिथून कसं ऐकू येतं?" एवढा एक प्रश्न त्यांना उभ्या आयुष्यात सुचला नाही. दुष्टपणा नव्हता गं. सुचलाच नाही. ते गेल्यावर मी किल्ली घेतली, पहिल्यांदा त्यांच्या जागेवर बसून गाणं लावलं, आणि ती बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं ओळ सुरू करायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. अशा वेळी बायकांना रडू येतं म्हणतात. मला राग आला. गाडी कडेला घेऊन मी रिकाम्या सीटला चांगलं सुनावलं. शेजारी उभा असलेला फळवाला टोपली उचलून जरा लांब जाऊन बसला. मग मी पुढचं गाणं लावलं. तेव्हापासून गाडी माझी झाली, कागदावर कोणाचंही नाव असो.

यंदा तो जुना सेट कुरकुरायला लागला आणि मी मुख्य रस्त्यावरच्या एका दुकानात गेले. मालक पन्नाशीचा, केस काळेकुळकुळीत रंगवलेले आणि एका कानात कायम इअरफोन, म्हणजे गिऱ्हाइकाशी अर्धाच बोलतो. मला पाहून म्हणाला, "आजी, साहेब नाही आले?" मी म्हटलं, "आले ना, तुमच्यासमोर उभे आहेत." त्यानं नवा सेट दाखवला, नवे स्पीकर दाखवले, आणि म्हणाला, ड्रायव्हरच्या सीटला असा लावून देतो की बघत राहाल. मी म्हटलं, "डावीकडच्या सीटला लावा." त्याला वाटलं, म्हातारीचं डावंउजवं चुकतंय. मला म्हणतो, "गाडी तुम्हीच चालवता ना? एकट्याच असता ना?" मी हो म्हटलं. "मग डावीकडे कोण बसतं?" मी म्हटलं, "माझी पर्स." तो म्हणाला, "पर्सला कान नसतात आजी." मी म्हटलं, "तुम्हाला दोन आहेत, त्यातला एक बंद आहे, तरी दुकान चालतंच की."

हसला बिचारा. मग टेप घेऊन डाव्या दारात वाकला आणि विचारलं, कान साधारण किती उंचीवर धरू? तिथे मी फसले. विचार न करता तळहात नेऊन दाखवला, डोकं टेकायच्या उशीच्याही वर चार बोटं. एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही, मीच पुढे म्हणाले, "आणि जरा बाहेरच्या अंगाला धरा, ते खिडकीकडे कलून बसतात." दुकानदारानं कानातला इअरफोन काढला. माझ्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं आणि म्हणाला, "पर्स चांगलीच उंच आहे तुमची."

ठकू, पत्र खाली ठेवू नकोस. जावईबापूंना हाकही मारू नकोस. पाणी पी आणि पुढे वाच.

लायसन्सची मुदत वाढवायला गेले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या वयाच्या माणसांची आधी नजर तपासतात. रांगेत माझ्यापुढे एक उंच गृहस्थ होते, ते भिंतीवरच्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर अडले. तपासणाऱ्या बाईंनी नापास लिहायला पेन उचललंसुद्धा. ती ओळ मला मागून स्वच्छ दिसत होती, पण कॉपी पुरवणं माझ्या रक्तात नाही. मी एवढंच म्हणाले, "अहो, चष्मा पुसा." त्यांनी पुसला आणि ओळ घडाघडा वाचली. बाहेर आल्यावर म्हणाले, तुमचे उपकार झाले. मी म्हटलं, माझे कसले, रुमालाचे. त्यावर ते एवढे हसले की पुन्हा चष्मा पुसावा लागला.

जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत. मी त्यांना मोजणीवाले म्हणते, ते मला एक्स्चेंज म्हणतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. लायसन्स आहे, गाडी नाही. गाडी होती, ती मुलगा घेऊन गेला. "बाबा, तुम्ही एकटे, तुम्हाला गाडी कशाला लागते?" असं म्हणाला. हे वाक्य तुम्हा मुलांना कुठे शिकवतात गं? तेही मायेनंच म्हणाला असेल, मी नाही म्हणत नाही. तेव्हापासून औषध संपलं की मुलाला फोन करायचा, आणि मुलगा म्हणतो, शनिवारी बघू. न्हाव्याचं दुकान लांब, म्हणून यांचे केस मुलाच्या सवडीनं कापले जातात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मानेवर रुळत होते. मी विचारलं, मग लायसन्स कशाला वाढवून घेतलंत? म्हणाले, "तेवढं एक तरी माझ्याकडे राहू दे म्हटलं." ठकू, तू रविवारचं बोललीस तेव्हा मला ती मान दिसली. माझी मान मी तशी होऊ देणार नाही.

त्या दिवशी मी त्यांना घरी सोडलं. मग एकदा न्हाव्याकडे नेलं, मग दोघं वाचनालयात गेलो, मग धरणाच्या रस्त्यानं उगाचच लांब गेलो. ते डावीकडे बसायचे. जुना सेट होता तेव्हाची गोष्ट सांगते. गाणं लागलं की ते मान इकडे करून बघत, तिकडे करून बघत, जमिनीची हद्द शोधत असल्यासारखे. एक दिवस म्हणाले, "एक्स्चेंज, तुम्हाला तिथून कसं ऐकू येतं?"

मला गिअर टाकायचं सुचेना. मागच्यानं हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "मला सगळं ऐकू येतं." ते म्हणाले, "मग झालं तर. मला इथून अर्धं पुरतं." हे "अर्धं पुरतं" ऐकल्यावर मला माझं "छान" आठवलं. त्याच आठवड्यात मी त्या दुकानात गेले आणि तळहातानं उंची दाखवून आले.

नवा सेट लागल्यावर ते पहिल्यांदा बसले, आणि बाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. एरवी हा माणूस नकाशे, नाले, बांध यांवर अखंड बोलतो. त्या दिवशी धरण आलं तरी शब्द नाही. मग हळूच विचारलं, "आणि तुम्हाला?" मी म्हटलं, "छान." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू शेजाऱ्यानं बांध सरकवलाय. मी मनात म्हटलं, जिंकले.

पुढच्या आठवड्यात टायर पंक्चर झाला. स्टेपनी लावून, पंक्चर काढून आणतो म्हणून माझी गाडी घेऊन गेले ते तासाभरानं आले. पंक्चरला तास लागत नाही, पण मी म्हटलं, गर्दी असेल. दुसऱ्या दिवशी गाणं लावलं आणि बाई त्यांच्यापुढून उठून माझ्याकडे आलेली. तीही धड समोर नाही, आरशाखाली डगमगत उभी. दुकानात जाऊन यांनी सेटिंग माझ्या सीटला फिरवून आणलं होतं, आणि दुकानदारानं माप घेतलं होतं डोकं टेकायच्या उशीपर्यंत. मी उशीला डोकं टेकते का कधी? सहाव्या वर्षापासून माझी पाठ कुठल्या खुर्चीला लागलेली नाही, सिस्टरांनी लागू दिली नाही. मी गाडी चालवते ती ताठ आणि पुढे सरकून. माझा कान कुठे आणि ती उशी कुठे. मी म्हटलं, "मोजणीवाले, फसवायचं तर नीट मोजून तरी फसवा." आणि गाडी सरळ दुकानावर नेली.

तिथे आमचं जे भांडण झालं ते रस्त्यानं जाणाऱ्यांनीही ऐकलं असणार. मी म्हणते डावीकडे लावा, ते म्हणतात उजवीकडे लावा. मी म्हणते गाडी माझी आहे, ते म्हणतात कान तुमचेच आहेत, त्यांच्यासाठीच सांगतोय. दुकानदार म्हणाला, मधलं लावून देतो, दोघांनाही थोडं थोडं. लावून पाहिलं. बाई गिअरच्या दांड्यावर बसून गायला लागली आणि दोघांनाही पाठमोरी वाटली. मी म्हटलं, असलं अर्धं अर्धं मी पुष्कळ ऐकलंय, काढा ते. शेवटी तो वैतागला. म्हणाला, "माझ्याकडे जोडपी भांडतात ती माझ्या बाजूला लाव म्हणून. तुम्ही दोघं तिकडे लाव म्हणून भांडताय. मी कोणाचं ऐकू? आधी घरी ठरवून या."

मी म्हटलं, "आमचं घर एक नाही."

त्यावर मोजणीवाले टेपची डबी हातात फिरवत म्हणाले, "ते दुरुस्त करता येईल. मी कधीचा जागा बघतोय बोलायला." दुकानदारानं गाणं बंद केलं. मी म्हटलं, "आधी सीटचं बघा." आवाज माझा नेहमीसारखाच निघाला, असं मला वाटतं.

मग त्यांनी माझं माप घेतलं. दुकानदाराला बाजूला सारून, स्वतःच्या लोखंडी टेपनं. मला म्हणाले, रोज बसता तशी बसा, स्टिअरिंग धरा आणि हलू नका. टेपचं टोक दुकानदारानं दारातल्या स्पीकरला लावून धरलं आणि दुसरी बाजू हे माझ्या कानापाशी घेऊन आले. डॉक्टर सोडला तर माझ्या कानाकडे इतक्या जवळून कोणी पाहिलेलं नाही. आकडा वाचायला त्यांना चष्मा वर करावा लागला. वाचता वाचता हळू आवाजात म्हणाले, "मघाचं उत्तर राहिलं." मला मान हलवायची बंदी होती, म्हणून तोंडानं सांगावं लागलं. "हो" म्हटलं. त्यांनी आकडा चुकीचा सांगितला, मग पुन्हा मोजला.

आता त्या सेटमध्ये दोन्ही मापं भरून ठेवली आहेत, बटण दाबलं की बदलतात. हे दुकानदाराला आधीच करता आलं असतं, पण तो म्हणतो, तुम्ही दोघांनी मला तोंड उघडू दिलंत का? गाडी दोघंही चालवतो. जो चालवतो त्यानं शेजारच्यासाठी बटण दाबायचं, हा आमचा नियम. चालवणाऱ्यानं रस्त्याकडे बघावं, त्याला बाई समोर कशाला हवी? आणि डावीकडे बसून नीट ऐकायचं मला बरंच साठलेलं आहे. तेव्हा विचारलंस ना, गाडी कशाला लागते? ही इतकी पानं उत्तर आहे.

तर रविवारी या, जेवा, आणि जाताना तुमच्या गाडीनं जा. गाडी हे निमित्त झालं, ती देणार नाही हे मी एका ओळीत कळवलं असतं. लिहायला बसले ते दुसऱ्याच कामासाठी. पुढच्या महिन्यात आम्ही नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करणार आहोत. तीन साक्षीदार लागतात. एक आमच्या वाचनालयातले ग्रंथपाल आहेत, उरले दोन्ही बाजूंचे एकेक. त्यांच्या मुलानं फोन ठेवून दिला, म्हणून त्यांच्या बाजूनं तो दुकानदार उभा राहणार आहे, केस नव्यानं रंगवून येतो म्हणाला. माझ्या बाजूची जागा मोकळी आहे. त्या जागेसाठी मला शेजारीण नको, एक्स्चेंजमधली मैत्रीण नको. बाबांची आठवण तुला येईल, मलाही येणार आहे, आणि म्हणूनच तिथे मला दुसरं कोणी नको. मी तुला फक्त कळवणार होते, विचारणार नव्हते. पण पानं भरत आली तशी लक्षात आलं की मी विचारतेच आहे. साक्षीदाराला तिथे काही बोलायचं नसतं, नुसती सही करायची असते. ते तुला जड जाईल, मला माहीत आहे. तरी येशील का?

तू नाही म्हणालीस तरीही तुझीच,

आई